डाग एक, बिल अख्ख्या कार्पेटचं

ताई,

गेल्या महिन्यात आम्ही भाड्याचं घर सोडलं. चार वर्षं राहिलो, भाडं एकदाही थकवलं नाही. किल्ल्या दिल्यावर दहाव्या दिवशी मालकीणबाईंचा मेसेज आला : बेडरूम आणि हॉल, दोन्हीकडचं कार्पेट बदलावं लागणार, तुमचं सगळं डिपॉझिट त्यातच जाईल. कारणं चार दिलीत. बेडरूममध्ये खिडकीजवळ इस्त्रीचा डाग. हॉलमध्ये भिंतीच्या कडेकडेनं काळी रेघ. दारातून सोफ्याकडे जाणारी वाट दबून गेलेली. आणि मुलानं जलरंगाचं पाणी सांडलं होतं त्याचा निळसर डाग. हा शेवटचा मी शाम्पूनं दोनदा घासून काढला होता. किल्ल्या दिल्या तेव्हा तो नव्हता, शपथेवर सांगते.

इस्त्रीचा डाग मात्र माझाच. जमिनीवर चादरीची घडी घालून इस्त्री करत होते, फोन वाजला, उठले आणि इस्त्री कलंडली. नंतर मालकीणबाई एकदा घर बघायला आल्या तेव्हा मी त्या जागेवर पायपुसणं टाकून ठेवलं.

आम्ही आलो तेव्हा कार्पेट दोन वर्षांचं होतं, हे त्यांनीच तेव्हा मेसेजमध्ये लिहिलं होतं. ताबा घेताना केलेल्या यादीत कार्पेटपुढे एकच शब्द आहे, 'चांगले'. फोटो काढले नाहीत. आईला घर दाखवायला पहिल्या दिवशी एक व्हिडिओ तेवढा केला होता. बेडरूम हॉलच्या साधारण निम्मी आहे. नवरा म्हणतो, चूक आपलीच आहे, विषय सोड. मला रात्र रात्र झोप नाही. लपवालपवी केलेल्या माणसानं भांडावं तरी कोणत्या तोंडानं?

— इस्त्रीनं पोळलेली

*

प्रिय पोळलेल्या ताई,

आधी पायपुसण्याचं बोलू, कारण तुमची झोप कार्पेटनं नाही, त्या पायपुसण्यानं उडवली आहे.

लपवलंत, ते बरं केलं नाहीत. पण त्यानं डागाची किंमत एका पैशानं वाढत नाही. गळका नळ लपवला असतात किंवा मांजराचं मूत खाली फोमपर्यंत मुरू दिलं असतंत तर गोष्ट वेगळी होती. तिथे गप्प बसल्यानं नुकसान रोज वाढतं आणि ते वाढलेलं नुकसान गप्प बसणाऱ्याच्याच नावावर लागतं. इस्त्रीचा डाग असा पसरत नाही. ज्या क्षणी पडला तेवढाच तो आजही आहे. तेव्हा उत्तर लिहाल त्यात पहिल्याच ओळीत म्हणा, डाग माझ्या हातून पडला आणि तेव्हाच सांगायला हवं होतं. एक ओळ पुरे. त्यापुढे माफीची पारायणं नकोत. हे स्वतःहून लिहिलंत की पुढे तुम्ही जे नाकाराल त्यालाही वजन येतं. चारही गोष्टी नाकारणाऱ्या भाडेकरूवर कुणी विश्वास ठेवत नाही. एक कबूल करून तीन नाकारणाऱ्याचं म्हणणं निदान वाचलं तरी जातं.

आता कबूल केलं म्हणजे अख्खं कार्पेट आपल्या गळ्यात पडलं, असं तुमचे यजमान समजतायत. गल्लत इथेच होते. चूक कुणाची हा प्रश्न पहिल्याच ओळीत मिटला. खरा प्रश्न वेगळा आहे : त्या कार्पेटचं आयुष्य किती उरलं होतं?

कार्पेट काही दागिना नव्हे. टाकल्या दिवसापासून ते संपत जातं. मालकीणबाईंनी ते टाकलं तेव्हाच ठरलेलं होतं की काही वर्षांनी ते काढावं लागणार, मग तिथे तुम्ही राहा नाहीतर आणखी कुणी. त्या झिजेचाच मोबदला म्हणून तर महिन्याच्या महिन्याला भाडं घेतलं जातं. तुमच्याकडून त्यांना मागता येतं ते फक्त तुमच्या डागानं वाया गेलेलं उरलेलं आयुष्य. सहा वर्षांच्या कार्पेटच्या बदल्यात कोरं करकरीत मागितलं तर त्या नुकसानभरपाई मागत नाहीत, घर सजवून मागतायत.

हिशेब करू, कागद-पेन्सिल घ्या. दोन्ही खोल्यांच्या नव्या कार्पेटचा खर्च १०० धरा. डाग फक्त बेडरूममध्ये आहे आणि बेडरूम हॉलच्या निम्मी, म्हणजे एकूण क्षेत्राचा तिसरा हिस्सा. झाले ३३. कार्पेटचं वय आज ६ वर्षं : तुम्ही आलात तेव्हाची २, अधिक तुमची ४. बऱ्यापैकी प्रतीच्या कार्पेटचं आयुष्य १० वर्षं धरलं तर उरली ४, म्हणजे ३३ चे चार दशांश, साधारण १३. प्रत हलकी असेल आणि आयुष्य ८ वर्षंच धरलं तर उरली २, म्हणजे ३३ चा पाव हिस्सा, साधारण ८. त्यांनी मागितले १००, निघतात ८ ते १३. भांडण खरं तर ८ की १३ एवढ्यापुरतंच उरतं, आणि तेवढं भांडण दोन शहाणी माणसं एका पत्रात मिटवू शकतात.

तुमचा तो दोन वर्षांचा उल्लेख असलेला जुना मेसेज म्हणूनच लाखमोलाचा आहे. कार्पेटचं वय त्यांच्याच शब्दांत तुमच्याकडे आहे. आजच त्याची प्रत काढून ठेवा. यादीतल्या 'चांगले' या शब्दाची तर अजिबात धास्ती घेऊ नका. चांगलं म्हणजे नवं नव्हे. नवं असतं तर कुठल्याही मालकानं 'नवे' असंच लिहून घेतलं असतं.

हॉलचं कार्पेट कशाला बदलायचं, असं विचारलंत तर उत्तर येईल की दोन्हीकडे एकसारखं दिसायला हवं. हवं की. पण तो जोड जुळवण्याची हौस त्यांची, खर्चही त्यांचा. दारात पट्टी मारून दोन खोल्यांचं कार्पेट वेगळं केलेलं असेल, बहुतेक ठिकाणी असतंच, तर हा मुद्दा आणखी लंगडा पडतो.

आणि खोलीचं कार्पेट तरी बदलावंच लागेल का? इस्त्रीचे डाग दोन जातीचे असतात. नखानं खरवडून पाहिलं की कळतं. टोकं काचेसारखी कडक झाली असतील तर धागा कृत्रिम आहे आणि वितळलाय. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १७० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि सुती कपड्यांसाठी तापवलेली इस्त्री २०० च्या घरात जाते, त्यामुळे तिथे दोन सेकंदही पुरतात. नायलॉन थोडं जास्त सोसतं. लोकर वितळत नाही, करपते : काळी भुकटी पडते आणि केस जळाल्यासारखा वास येतो. नुसती टोकंच करपली असतील तर कसबी माणूस बारीक कात्रीनं ती छाटून मोकळा होतो, डाग आहे हे शोधावं लागतं. डाग बुडापर्यंत गेला असेल तर तेवढा तुकडा कापून दुसरा चिकटवतात. तो तुकडा भिंतीतल्या कपाटाच्या आतल्या जमिनीवरून घेतात, किंवा कार्पेट टाकताना उरलेला असला तर त्यातून. धाग्यांचा कल एकाच दिशेला ठेवला आणि हात सफाईचा असला की खिडकीजवळच्या उजेडातही पटकन लक्षात येत नाही. असं ठिगळ नीट बसणार असेल तर तुमचं देणं ठिगळाच्या खर्चाएवढं. ठिगळ आणि वरचा हिशेब यांत जे कमी, तेच तुम्ही देऊ करायचं. म्हणून डागाचे जवळून काढलेले फोटो मागा, शेजारी मोजपट्टी ठेवून. तुमच्या आठवणीतला डाग आणि त्यांच्या तक्रारीतला डाग हे दोन्ही खऱ्या डागापेक्षा मोठे असतात.

आता उरलेली तीन कलमं.

दारातून सोफ्याकडे गेलेल्या वाटेवर मी फार शाई घालवणार नाही. माणसं चालली म्हणून कार्पेट दबलं. ते चालण्यासाठीच टाकलं होतं. धागे जाऊन खालचं जाळं उघडं पडलं असतं तर विचार करावा लागला असता, नुसतं दबणं ही झीज. सोफ्याच्या पायांचे खड्डेही त्यातच आले.

भिंतीकडेच्या काळ्या रेघेबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण ती बघून भलेभले फसतात. घाणेरडी माणसं, कोपरे कधी झाडलेच नाहीत, असंच पहिल्यांदा मनात येतं. प्रत्यक्षात भिंत आणि जमीन जिथे भेटतात तिथे बारीक फट असते. खोलीतली हवा त्या फटीतून खाली जात-येत राहते. कार्पेटची कड तिथे गाळणीसारखी आडवी येते आणि हवेतली अगदी बारीक धूळ, काजळी तिच्यात अडकते. वर्षानुवर्षं. बंद दाराच्या खालीही नेमकी अशीच रेघ उमटते. तुम्हाला आठवत असेल तर बेडरूमच्या दाराखाली होती का ते लिहून ठेवा. व्हॅक्यूम कितीही फिरवला तरी ती पूर्ण निघत नाही, धंदेवाईक सफाईवाल्यांनाही ती घाम फोडते. फट बांधकामातली, हवा सगळ्यांची, तेव्हा हे तुमच्या नावावर लागत नाही. मात्र घरात कुणी सिगारेट ओढत असेल किंवा रोज मेणबत्त्या जळत असतील तर ती काजळी तुमची. तसं असेल तर या कलमावर आवाज चढवू नका.

निळा डाग. इथे तुम्ही दोघीही खरं बोलताय, आणि म्हणूनच भांडण जुंपलंय. रंगाचं पाणी सांडलं तेव्हा ते धाग्यांवर थांबलं नाही, खाली बुडात आणि फोममध्ये उतरलं. तुम्ही वरून घासलंत, धागे स्वच्छ झाले. पण घासताना ओतलेलं पाणी परत खाली गेलं, तिथला सुकलेला रंग त्यात विरघळला. मग कार्पेट वाळू लागलं. वाळताना पाणी वरच्या टोकांकडे चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, आणि येताना रंग घेऊन येतं. पाणी उडून जातं, रंग टोकावर बसतो. दोन-चार दिवसांत डाग हजर. वर शाम्पूचा चिकटपणा राहिला असेल तर त्यावर धूळही बसते. तुम्ही किल्ल्या दिल्या तेव्हा तो खरंच नव्हता आणि त्या आत शिरल्या तेव्हा खरंच होता.

पण ताई, हे समजून घेतलं म्हणून ते कलम आपलं नाही असं होत नाही. डाग हा झिजेत मोडत नाही, तो सफाईत मोडतो, आणि सफाईला वय नसतं. सहा वर्षांचं कार्पेटही ज्या स्वच्छतेत मिळालं त्याच स्वच्छतेत परत द्यायचं असतं. तेव्हा हॉलच्या सफाईचा खर्च देऊ करा. गरम पाणी दाबानं सोडून लगेच ओढून घेणारं यंत्र लागतं. तशा सफाईनं हा डाग निघण्याची चांगली शक्यता आहे. निघाला तर हॉलचं कार्पेट बदलायचं कारणच उरत नाही. शिवाय सफाईचं बिल बदलण्याच्या बिलापुढे किरकोळ असतं.

मालकीणबाईंना लबाड ठरवायची मला घाई नाही. मी स्वतः काही वर्षं एक घर भाड्यानं दिलं होतं. पहिले भाडेकरू गेले, मी रिकाम्या हॉलमध्ये उभी राहिले आणि मधोमध मला एक भलामोठा गडद चौकोन दिसला. माझं डोकंच फिरलं. काय सांडलं असेल यांनी? डिपॉझिटमधून कापायची चिठ्ठी लिहायला बसले, आणि लिहिता लिहिता चौकोनाचं माप सोफ्याच्या मापाशी जुळतंय हे ध्यानात आलं. तो डाग नव्हताच. उरलेलं सगळं कार्पेट उन्हानं फिकं पडलं होतं आणि सोफ्याखाली तेवढाच मूळ रंग शिल्लक होता. चिठ्ठी फाडली. रिकामं घर मालकाला नेहमीच भयंकर दिसतं. सामान गेलं की इतकी वर्षं नजरेआड असलेलं सगळं एकदम अंगावर येतं आणि दोष द्यायला एकच नाव समोर असतं. तुमच्या मालकीणबाईंनी तो मेसेज बहुधा त्याच तिरीमिरीत पाठवलाय. त्यांना उतरायला पायरी ठेवा.

पायरी म्हणजे पत्र. फोन नको, फोनवर तुम्ही रडाल किंवा त्या ओरडतील. काहीसं असं लिहा :

"बेडरूममधला इस्त्रीचा डाग माझ्या हातून पडला आणि तो मी तेव्हाच सांगायला हवा होता. त्याची जबाबदारी मी घेते. तुमच्या मेसेजप्रमाणे आम्ही आलो तेव्हा कार्पेट दोन वर्षांचं होतं, म्हणजे आज सहा वर्षांचं आहे. डागाच्या दुरुस्तीचा खर्च, किंवा दुरुस्ती शक्य नसल्यास बेडरूमच्या कार्पेटच्या उरलेल्या आयुष्याइतकी रक्कम, यांत जे कमी ते मी देईन. हॉलमधल्या निळ्या डागासाठी यंत्रानं केलेल्या सफाईचं बिलही देईन. भिंतीकडची रेघ आणि दारातली वाट ही वापरातली झीज आहे, त्यासाठी कपात मला मान्य नाही. कार्पेटच्या मूळ खरेदीची पावती, दुरुस्तीचा आणि बदलण्याचा लेखी अंदाज आणि डागांचे फोटो कृपया पाठवावेत. ज्या रकमेबद्दल आपला वाद नाही ती अमुक तारखेपर्यंत परत करावी."

तारीख नक्की घाला. शेवटचं वाक्यही गाळू नका. देणं १०० पैकी फार तर १३ आणि सफाईचं बिल, अडकवलंय मात्र सगळं डिपॉझिट, हे त्यांना कागदावर दिसलं पाहिजे. डिपॉझिट तुमचे पैसे आहेत, त्यांच्याकडे ठेवायला दिलेले. कापायचे तर का आणि किती हे दाखवायची जबाबदारी कापणाऱ्याची. त्यांनी मधेच काही रक्कम पाठवली तर ती घ्या, फक्त लगेच लिहून कळवा की ही अंशतः मिळाली, हिशेब पूर्ण झाला असं नाही.

आता तो व्हिडिओ. तुम्ही त्याचा उल्लेख असा केलात की जणू काही त्याचा उपयोगच नाही! आईला घर दाखवताना माणूस कॅमेरा कसा फिरवतो? दार, खिडकी, कोपरे, जमीन. पडदे कुठे लावायचे, पलंग कुठे टाकायचा. तो आज पुन्हा बघा, आवाज बंद करून आणि फक्त खाली बघत. भिंतीकडची रेघ तेव्हाही फिकटशी दिसते का? दारातली वाट दबायला लागली होती का? आधीची दोन वर्षं तिथे कुणी राहिलं असेल तर काहीतरी दिसेलच. मात्र पुरावा म्हणून मूळ फाइल जपा, ज्या फोनवर काढला त्यातली. आईला मेसेजवर पाठवलेल्या प्रतीत चित्र दाबलं जातं आणि काढल्याची तारीख-वेळ बहुतेक वेळा गळून पडते. फोन बदलला असेल तर जुना ड्रॉवरमधून काढा. आईच्या फोनवरच्या मेसेजची तारीखही राहू द्या, जोडीला कामी येईल.

यावरही त्या अडून बसल्या तर तुम्ही राहता तिथे अशा वादांसाठी काय सोय आहे ते बघा. कुठे डिपॉझिट तिसऱ्याच संस्थेकडे ठेवलेलं असतं आणि तीच निवाडा करते, कुठे भाड्याचं वेगळं न्यायासन असतं, कुठे छोट्या रकमांचं साधं कोर्ट, जिथे वकील लागत नाही. सगळीकडे मुदती असतात, तेव्हा चौकशी आत्ताच करा, जायचं की नाही ते नंतर ठरवा. निवाडा करणाऱ्यासमोर जो कागद ठेवायचा तो वरचंच पत्र असेल, म्हणून ते चिडून लिहू नका. आणि घरसामानाचा विमा असेल तर त्याची कागदपत्रं एकदा चाळा. चुकून झालेल्या नुकसानीचं कलम पुष्कळांच्या विम्यात असतं आणि पुष्कळांना माहीत नसतं.

यजमानांना हा हिशेब दाखवा. विषय सोडायचा तर सोडा, पण ८ ते १३ आणि सफाईचं बिल देऊन सोडा.

ता. क. : नव्या घरातही कार्पेट असेल तर कपाटं सरकवायच्या आधी रिकाम्या खोल्यांचे फोटो काढा, पडदे उघडे ठेवून, प्रत्येक कोपऱ्याचा एक. ताब्याच्या यादीत 'चांगले' लिहू देऊ नका. कार्पेट किती वर्षांचं आहे ते लिहून घ्या आणि दिसणारा प्रत्येक डाग कुठल्या भिंतीपासून किती अंतरावर आहे तेही. आणि इस्त्रीला टेबल घ्या हो.